‘व्ही’ कोणाच्या पोटात? – आपल्या कागदांची मोडलेली रचना



गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा जखमी तरुणाच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वस्तीतल्या त्या तरुणाला जातीवरून शिव्या देत घातक हत्याराने मारलं होतं आणि तो दवाखान्यात पडून होता. आमच्या मुलाने अर्ज स्वतः लिहिला होता. त्यात कलमं होती : ३(१)(आर), ३(१)(एस), ३(१)(व्ही) आणि ३(१)(व्हीए).

ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि हसून विचारलं, “३(१)(व्ही)? म्हणजे दिवंगत आदरणीय व्यक्तीचा अपमान. कुठल्या दिवंगत व्यक्तीचा अपमान झालाय? नाव सांग. आणि हे ३(१)(व्हीए) कुठल्या कायद्यात आहे?”

मुलगा गप्प झाला. आईला काही कळेना. “आधी नीट अभ्यास करून या” असं ऐकून दोघं बाहेरच्या बाकड्यावर बसले. त्याने मला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “ताई, मी तुमच्याच कागदावरून लिहिलंय.”

मी कागद काढून पाहिला. तो खरं सांगत होता.

आपल्या ओळखीच्या वकिलांनी मूळ कायदा हातात घेऊन ठाणं गाठलं, तेव्हा रात्री कुठे गुन्हा नोंदला गेला, आणि तो योग्य कलमांखाली. पण ती आई सहा तास बाकड्यावर बसली. त्या सहा तासांची जबाबदारी दोघांची आहे. एक त्या साहेबांची, कारण अर्जदाराने अचूक कलम लिहिलंच पाहिजे अशी अट कायद्यात कुठेही नाही. उलट कलम ४(२)(बी) सांगतं की गुन्हा नोंदवणं आणि तो योग्य कलमांखाली नोंदवणं हे त्या लोकसेवकाचं कर्तव्य आहे. अर्जदाराने घटना सांगायची, कलम लावायचं काम त्यांचं. दुसरी जबाबदारी माझी. साहेबांवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आज मी माझ्या वाट्याबद्दल लिहिणार आहे.

एकच अक्षर, दोन घरं

अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. त्यातली मोठी दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कलम ३ च्या पोटात दोन उपकलमं कायम आपल्या कामाला येतात. उपकलम (१) मधले खंड आता इंग्रजी अक्षरांनी दाखवले आहेत : ए, बी, सी करत झेडसीपर्यंत. त्यातला ‘आर’ म्हणजे लोकांना दिसेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर केलेला अपमान किंवा धमकी. ‘एस’ म्हणजे तशाच ठिकाणी जातीवाचक शिवीगाळ. ‘व्ही’ म्हणजे आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर. या उपकलमाची शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

उपकलम (२) मधले खंड मात्र रोमन आकड्यांनी दाखवले आहेत. तिथेही ‘व्ही’ आहे, पण तो ‘व्ही’ अक्षर नाही, रोमन पाच आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा केला, तर तो या खंडात येतो आणि शिक्षा थेट जन्मठेप आहे. त्याच्या पुढचा ‘व्हीए’ म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात दिलेले मारहाण, धमकी असे गुन्हे.

म्हणजे कागदावर नुसतं ‘व्ही’ लिहिलं तर त्याला अर्थच नाही. त्याच्या वरच्या ओळीत कोण आहे, यावर पाच वर्षं की जन्मठेप हे ठरतं. माझ्या कागदावर ती वरची ओळ हरवली होती.

चूक कशी झाली

एम.ए.ला असताना मुलाखतींच्या नोंदी ठेवायला एका मित्राने जुन्या लॅपटॉपवर ईमॅक्स टाकून दिलं आणि त्यातला ऑर्ग-मोड शिकवला. तेव्हापासून माझं सगळं लिखाण त्यातच असतं. फुकट आहे, साधी मजकुराची फाईल आहे, जुन्या मशीनवर चालतं. त्यात आराखडा दोन पद्धतींनी मांडता येतो. एक, स्टार देऊन केलेली शीर्षकं. दोन, डॅश देऊन केलेली यादी. माझी मूळ टिपणं शीर्षकांत होती :

* कलम ३
 उपकलम (१)
* (आर) हेतुपुरस्सर अपमान
* (एस) जातीवाचक शिवीगाळ
 उपकलम (२)
* (व्ही) दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा
* (व्हीए) परिशिष्टातील गुन्हा

वर्गात वाटायला एका पानाचा कागद हवा होता. शीर्षकं फार जागा खातात, म्हणून यादी करायचं ठरवलं. कार्यक्रम सकाळी, मी रात्री साडेअकराला बसले. दोन आणि तीन स्टार शोधून सगळीकडे एक डॅश टाकला. उपकलम आणि खंड एका रांगेत आले. मग ‘उपकलम (१)’ च्या खालच्या सगळ्या ओळी निवडून दोन स्पेस आत ढकलल्या. निवड लांबली आणि ‘उपकलम (२)’ सुद्धा आत गेलं :

* कलम ३
- उपकलम (१)
  - (आर) हेतुपुरस्सर अपमान
  - (एस) जातीवाचक शिवीगाळ
  - उपकलम (२)
  - (व्ही) दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा
  - (व्हीए) परिशिष्टातील गुन्हा

वाचून बघा. एकही शब्द चुकलेला नाही, एकही ओळ गळलेली नाही. फक्त एका ओळीच्या डाव्या बाजूला दोन स्पेस जास्त आहेत. मी छापण्याआधी वाचलं तेव्हा मला सगळं बरोबर दिसलं, कारण कायदा माझ्या डोक्यात होता. ज्याच्या डोक्यात कायदा नव्हता आणि ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला, त्याला ‘व्ही’ हा उपकलम (१) चाच खंड दिसला.

शीर्षक आणि यादी यांतला फरक

नंतर शांतपणे बसले तेव्हा लक्षात आलं की या दोन पद्धती आपली पातळी वेगवेगळ्या रीतीने सांगतात.

शीर्षक स्वतःची पातळी स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतं. तीन स्टार म्हणजे तिसरी पातळी. ते ओळीच्या अगदी सुरुवातीला हवेत, त्यांच्या आधी एकही स्पेस नको. शीर्षकाखालचा मजकूर पुढचं शीर्षक येईपर्यंत त्याचाच, मग तो मजकूर आत घ्या नाहीतर काठाला ठेवा.

यादीतल्या मुद्द्याचं तसं नाही. त्याच्या अंगावर एकच डॅश. त्याची पातळी त्याच्या आधी किती मोकळी जागा आहे यावरून आणि शेजाऱ्यांवरून ठरते. त्याच्या खालचा परिच्छेदही डॅशपेक्षा आत असला तरच त्याचा. परिच्छेद काठाला आला की यादी तिथेच संपली. सलग दोन रिकाम्या ओळी आल्या तरी संपली.

म्हणून शीर्षकांची यादी करताना नुसतं चिन्ह बदलून चालत नाही. शीर्षकाच्या अंगावरचे स्टार गेले, की ती माहिती मोकळ्या जागेत उतरवावी लागते, प्रत्येक ओळीसाठी आणि प्रत्येक परिच्छेदासाठी. शोधा-आणि-बदला हे काम करत नाही. ते स्टार पुसतं, पण त्या बदल्यात जागा देत नाही.

आणखी एक खोच. ऑर्ग-मोडमध्ये यादीलाही स्टार वापरता येतो, पण तो आत घेतलेला हवा. तोच स्टार काठाला आला की शीर्षक होतो. म्हणजे नुसती एक स्पेस पुसली गेली तर एक मुद्दा उठून शीर्षक बनतो आणि खालचं सगळं आपल्या पोटात घेतो. मी यादीत स्टार वापरणं बंद केलं आहे. डॅशच बरा.

दुरुस्ती कशी करायची

आता मी हे असं करते. आपल्यापैकी जे अशा साधनांत टिपणं काढतात, त्यांना उपयोगी पडेल.

पहिलं, मूळ फाईलला हात लावायचा नाही. तिची प्रत करायची आणि बदल प्रतीत करायचे.

दुसरं, हाताने चिन्हं बदलायची नाहीत. हवा तो भाग निवडायचा, निवडीची पहिली ओळ शीर्षकाचीच आहे हे बघायचं, आणि कंट्रोल-सी दाबून मग डॅश दाबायचा. ऑर्ग-मोड त्या भागातली सगळी शीर्षकं मुद्दे करतो आणि खालचा मजकूरही त्यानुसार सरकवतो. उलट जायचं असेल, म्हणजे यादीची शीर्षकं करायची असतील, तर कंट्रोल-सी आणि मग स्टार. मात्र यादी झाल्यावर तोच भाग निवडलेला असताना पुन्हा डॅशची आज्ञा देऊ नका. आता पहिली ओळ मुद्द्याची असल्यामुळे डॅशच निघून जातात आणि साध्या ओळी उरतात.

तिसरं, एखादा मुद्दा चुकीच्या पातळीवर असेल तर स्पेस मोजत बसायचं नाही. ऑल्ट दाबून डावा-उजवा बाण दाबला की तो मुद्दा एकटा सरकतो, त्याची मुलं जागेवर राहतात. ऑल्टबरोबर शिफ्टही दाबलं की सगळं कुटुंब सोबत सरकतं. माझ्या कागदावर ‘उपकलम (२)’ ला एकट्याला बाहेर काढायचं होतं. एकदा ऑल्ट आणि डावा बाण, एवढंच ते काम होतं.

चौथं, कलमाचा आकडा यादीचा क्रमांक म्हणून वापरायचा नाही. यादीत ‘३.’ आणि ‘१५.’ असे क्रमांक दिले तर ऑर्ग-मोड रचना बदलताना ते स्वतःच १, २ करून टाकतो. त्याच्या दृष्टीने तो मदत करत असतो, पण आपल्या कागदावर कलम १५ चं कलम २ होतं. म्हणून पुढे डॅश, आणि ‘कलम १५-ए’ हे शब्दांत.

पाचवं, टॅब आणि स्पेस मिसळायचे नाहीत. डोळ्यांना सारखं दिसतं, मशीनला नाही.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, घडी घालून बघायची. मुद्द्यावर कर्सर नेऊन टॅब दाबा. जे लपलं ते त्याच्या पोटातलं, जे दिसत राहिलं ते त्याचं नाही. मी त्या रात्री ‘उपकलम (१)’ वर एकदा टॅब दाबला असता, तर ‘उपकलम (२)’ माझ्या डोळ्यांसमोर गडप झालं असतं आणि मी दचकले असते. एक कळ दाबायची होती. ती दाबली नाही, म्हणून एक बाई सहा तास बाकड्यावर बसली.

धम्मवर्गाचा अनुभव

यानंतर महिनाभराने विहारातल्या वर्गासाठी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधल्या पहिल्या प्रवचनाचं टिपण करत होते. या वेळी उलटं काम होतं, छोट्या यादीची सविस्तर शीर्षकं करायची होती. बाबासाहेबांनी तिथे तीन मार्ग मांडले आहेत : विशुद्धीचा मार्ग, सदाचरणाचा मार्ग आणि शीलाचा मार्ग. पहिल्यात पाच तत्त्वं, दुसऱ्यात अष्टांग मार्गाची आठ अंगं, तिसऱ्यात दहा गुण.

आता ‘शील’ हा शब्द बघा. पहिल्या मार्गातली पाच तत्त्वं म्हणजे आपलं पंचशील. तिसऱ्या मार्गाच्या नावात शील आहे. आणि त्या दहा गुणांतला पहिला गुणही शीलच आहे. यादी सपाट झाली तर तीन मार्ग आणि तेवीस मुद्दे मिळून सव्वीस ओळी एका रांगेत उभ्या राहतात, आणि त्यातलं ‘शील’ म्हणजे दहांपैकी एक की दहांच्या वरचं नाव, हे नव्या मुलाला कोण सांगणार? बाबासाहेबांनी विचारपूर्वक लावलेली मांडणी आपण दोन स्पेसमध्ये घालवतो.

या वेळी आज्ञा वापरली, घडी घालून तपासलं, सगळं जागेवर होतं. तरी छापायला फाईल बाहेर काढली तेव्हा तेवीसही शीर्षकं पुन्हा यादी होऊन आली. मी परत दुरुस्तीला बसणार होते. मग कारण कळलं. ऑर्ग-मोड फाईल बाहेर काढताना मुळात तीनच पातळ्या शीर्षक म्हणून ठेवतो, चौथीपासून खालचं सगळं यादीत टाकतो. वर्ग, प्रवचन, मार्ग या तीन पातळ्या झाल्या, तत्त्वं चौथ्या पातळीवर होती. फाईलच्या सुरुवातीला ऑप्शन्सच्या ओळीत ‘एच:४’ असं लिहिलं आणि प्रश्न मिटला. फाईल बरोबर होती, छपाईची मर्यादा आड आली होती. दुरुस्तीला हात घालण्याआधी चूक फाईलमध्ये आहे की कागदावर, हे बघायला यातून शिकले.

“ताई, हे फार तांत्रिक झालं”

हे सगळं मी एका बैठकीत सांगितलं तेव्हा दोन आक्षेप आले. एक सहकारी म्हणाले, “आपण उतरंड मोडायला निघालेले लोक, आणि तुम्ही कागदावर उतरंड लावायला सांगता? सगळे मुद्दे सारखे ठेवा ना.” बैठकीत हशा पिकला, पण मला हा आक्षेप विनोदावारी न्यायचा नाही.

बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेवर बोट ठेवलं, तिच्यात माणसाची जागा जन्माने ठरते, ती बदलता येत नाही, आणि वरच्याला खालच्याबद्दल तुच्छता असते. कागदावरच्या रचनेत यातलं काहीच नाही. तिथली जागा अर्थावरून ठरते, अर्थ बदलला की जागा बदलते, आणि पोटातला खंड वरच्या कलमापेक्षा हलका नसतो. जन्मठेप त्या पोटातल्या खंडातच आहे. माणसांमधली उतरंड अन्याय आहे, विचारांमधली मांडणी शिस्त आहे. या दोन गोष्टी एक मानल्या तर आपण समतेच्या नावाखाली गोंधळ घालू.

आणि हा गोंधळ कोणाच्या कामाला येतो? आपली निवेदनं काढून बघा. एकवीस मागण्या, एका रांगेत. मुख्य मागणी असते आरोपींना अटक आणि पीडित कुटुंबाला संरक्षण. तिच्या पोटातल्या असतात जबाब नोंदवणं, पंचनाम्याची प्रत, सुनावणीची सूचना. त्यांच्याच रांगेत येते समाजमंदिराची रंगरंगोटी. मी अशा निवेदनांवर आलेली उत्तरं वाचली आहेत. सगळ्यात सोप्या मागणीला सविस्तर उत्तर मिळतं आणि मुख्य मागणीपुढे ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच येतं. रांगेत सगळ्यांना सारखं उभं केल्यावर कोणाला आधी बोलवायचं, हे पलीकडचा माणूस ठरवतो. मुख्य मागणी वर आणि तिच्या पूर्ततेच्या अटी तिच्या पोटात असतील, तर रंगरंगोटी करून हात झटकता येत नाहीत.

दुसरा आक्षेप होता की पोरांकडे मोबाईल आहेत, ईमॅक्स कोण वापरणार? बरोबर आहे. माझा आग्रह त्या साधनाचा नाही. वर्डमध्ये करा, गुगल डॉक्समध्ये करा, वहीत करा. कुठेही शीर्षकाची यादी आणि यादीचं शीर्षक करताना एकच प्रश्न विचारायचा असतो : ही ओळ कोणाच्या पोटातली?

पण त्या आक्षेपातलं एक मी घेतलं. आपले कागद माझ्या लॅपटॉपवर वाचले जात नाहीत. ते ठाण्याच्या दारात, मोबाईलच्या अरुंद पडद्यावर, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर वाचले जातात. तिथे दोन स्पेस कोणाला दिसणार? म्हणून माझ्या कागदावर आता प्रत्येक ओळ आपला पूर्ण पत्ता घेऊन येते. नुसतं ‘(व्ही)’ नाही, ‘कलम ३(२)(व्ही)’. नुसतं ‘सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्क’ नाही, ‘कलम १५-ए(३) – जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना’. त्याखाली ‘कलम १५-ए(५) – जामिनाच्या वेळी म्हणणं मांडण्याचा हक्क’. ओळ आत असो, बाहेर असो, कापून दुसरीकडे चिकटवलेली असो, तिचा अर्थ तिच्यासोबत राहतो. रचना नीट लावायचीच, पण ती मोडली तरी आपला माणूस अडणार नाही, अशी सोय आधी करून ठेवायची.

‘शिका’ हा आदेश आपण भिंतीवर लिहितो. त्यात कायदा शिकणं येतं, तसं कायद्याचा कागद नीट मांडायला शिकणंही येतं. समोरच्याला आपली घटना खोडता येत नाही तेव्हा तो आपली ओळ खोडतो. ती संधी त्याला आपल्या हाताने देऊ नये.

नवीन कागद छापण्याआधी मी तो त्याच मुलाकडे दिला. तो म्हणाला, “ताई, मी मोठ्याने वाचतो, तुम्ही डोळे मिटून ऐका. कुठला खंड कुठल्या कलमातला हे नुसतं ऐकून कळलं नाही, तर थांबवा.” मी त्याला दोनदा थांबवलं. त्या दोन ओळी दुरुस्त केल्या, आणि मगच शंभर प्रती काढल्या.

जय भीम.